बटणं काढलेला बेंजो

मी देश सोडला तो बेंजो पार्टीच्या टेम्पोतून. ठरवलेला गाडीवाला आयत्या वेळी फोन बंद करून बसला, आणि रसायनीहून मुंबईचा विमानतळ गाठायचा तर दुसरी गाडी शोधायला वेळ नव्हता. मग चंदूकाकांनी पार्टीचा टेम्पो काढला. चंदूकाका म्हणजे पप्पांच्या पार्टीतले ढोलकीवाले. नात्याने कुणी नाहीत, पण सख्ख्यांपेक्षा जास्त हक्क गाजवणारे. आई पुढे त्यांच्या शेजारी बसली. मागे स्पीकरच्या खोक्यावर मी आणि पप्पा, मध्ये माझ्या दोन बॅगा. जानेवारी २०२०, पहाटेचा वारा झोंबत होता. पप्पांनी स्पीकरवरची ताडपत्री ओढली आणि माझ्या अंगावर टाकली.

गंमत म्हणजे त्या टेम्पोत मी तोवर कधीच बसले नव्हते. पप्पा एरवी केमिकल कंपनीत फिटर, पण लग्नसराईत आणि गणपतीत बेंजो मास्टर. ज्यांनी बेंजो पाहिला नसेल त्यांना सांगते: लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा आणि वर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. आमच्या रायगडात हळद असो, वरात असो की विसर्जन, बेंजोशिवाय पान हलत नाही. मला पप्पांनीच शिकवला, घरी, खाटेवर बसवून. हात चांगला बसला होता माझा, पप्पाच म्हणायचे. पण पार्टीत मुलगी? टेम्पोवर चढून वाजवणार, आणि समोर गावची पोरं नाचणार? हा विषय आमच्या घरात निघायचाच नाही. मी एकदा काढला तेव्हा आईने भांडी जरा जोरात घासली, झालं.

पप्पांची शिकवण एकच होती, आणि ती मी हजार वेळा ऐकली असेन. हात थांबला की नाच थांबतो, आणि नाच थांबला की पार्टी संपली. त्यामुळे सुरात कुठे फट ठेवायची नाही. गाण्याची ओळ संपली तरी नखी चालू, दुसरी ओळ सुरू होईपर्यंत तारा खणखणत ठेवायच्या. श्वास घ्यायचा तो वाजवता वाजवता.

विमानतळाच्या चढावर पोलिसाने टेम्पो वर जाऊ दिला नाही. वर कर्णे, बाजूला रंगीत बल्ब, बिचाऱ्याला वाटलं असेल आम्ही कुणाची वरात घेऊन आलोय. शेवटी खाली उतरून बॅगा ढकलत गेलो. आई रडत होती, चंदूकाका त्या पोलिसाशी हुज्जत घालत होते. पप्पांनी ना तब्येतीचं सांगितलं, ना थंडीचं. एवढंच म्हणाले, "तिकडे काहीतरी वाजवत राहा. हात गंजू देऊ नकोस."

आयर्लंडमध्ये डब्लिनच्या उत्तरेला स्वोर्ड्स नावाच्या गावात खोली मिळाली. विमानतळ इतका जवळ की सुरुवातीला मी प्रत्येक विमानाकडे मान वर करून बघायचे. मार्चनंतर बघायला विमानंच उरली नाहीत. माझी नोकरी औषधांच्या प्लांटवर, म्हणून कामावर जावंच लागे. पण शिफ्ट संपली की चार भिंती आणि मी. त्या घरातल्या बाकीच्या दोघी भाडेकरू वेळीच आपापल्या देशी निघून गेल्या होत्या. तुमच्यापैकी जे त्या वर्षी परक्या गावात एकटे होते त्यांना ही शांतता वेगळी सांगायला नको.

एकदा जिन्याखालच्या प्रेसमध्ये गिटार सापडली. प्रेस म्हणजे कपाट, इथे तसंच म्हणतात; मी एकदा फोनवर आईला डबा प्रेसमध्ये ठेव म्हणाले आणि बोलणी खाल्ली. तर आधीच्या कुणा भाडेकरूने ती गिटार तिथे सोडली होती. घरमालकाला विचारलं तर म्हणाला, ग्रँड, ठेव तुझ्याकडे. इथे सगळंच ग्रँड असतं, पावसासकट. मी ती मागच्या दारी पायरीवर घेऊन बसले, आडवी मांडीवर ठेवली, जुनं प्लॅस्टिकचं कार्ड कापून नखी केली आणि बेंजोसारखी झोडायला लागले.

मागच्या भिंतीवरून एक पांढरं डोकं वर आलं. हा डरमॉट, शेजारी, भूगोलाचा निवृत्त मास्तर. त्याने बराच वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाला की गिटार अशी आडवी ठेवून वाजवणारे लोक आहेत, पण तू अजून त्यांच्यापर्यंत पोचलेली नाहीस. आधी उभी धर. दुसऱ्या दिवसापासून भिंतीच्या त्या बाजूला तो आणि या बाजूला मी, मध्ये नियमाप्रमाणे अंतर, अशी आमची शाळा भरायला लागली.

मास्तर तो मास्तरच. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या मजुरांचं गाणं; ते शिकवायला त्याने सुरुवात केली ती नकाशापासून. मिसिसिपीकाठच्या सखल, कापसाच्या मुलखात बाटलीची काचेची मान बोटात घालून तारांवरून घसरवतात. सूर हुंदक्यासारखा लांबतो. पूर्वेच्या डोंगरउतारावर अंगठा जाड तारांवर एकसारखा चालत राहतो आणि बाकीची बोटं वर गाणं वाजवतात. मग मिसिसिपीकाठची माणसं आगगाडीत बसून उत्तरेला शिकागोला पोटापाण्यासाठी गेली, तिथल्या गोंगाटात साधी गिटार ऐकू येईना म्हणून तिला वीज जोडली, आणि तार बोटाने ढकलून सूर वर चढवायला लागली. गाव सुटलं, पण गाणं त्यांनी बरोबर नेलं, असं तो म्हणाला. विजेचं ऐकून मला हसू आलं. आमच्या बेंजोला कर्णा कधीचाच जोडलाय.

तर मी ठरवलं की हे तिन्ही शिकायचं. मी मुळातच हट्टी. आई म्हणते, पोटात होते तेव्हाही कूस बदलायला सांगितलं तर ऐकत नव्हते. डोंगराकडच्या त्या अंगठ्याने माझा अंत पाहिला. बेंजोच्या हाताला एकच नखी आणि एकच काम ठाऊक. इथे अंगठ्याने एक बोलायचं आणि बोटांनी दुसरं. ऑनलाइन मीटिंगमध्ये टेबलाखाली मांडीवर अंगठा चालवत बसायचे, वर चेहरा गंभीर. उन्हाळा संपता संपता जमला एकदाचा. मग शिकागोची ती तार ढकलायची कला. त्यात बोटांची सालपटं निघाली. बेंजोत दोन सुरांच्या मध्ये काही नसतंच, बटण दाबलं तर सूर, नाही तर नाही. इथे सगळा मामला त्या मधल्या जागेतला. शफल नावाचा डुलता ठेका मात्र पहिल्याच दिवशी जमला. कुठे शिकलीस म्हणून डरमॉटने विचारलं. म्हटलं, हळदीत.

अडलं ते भलतीकडेच. ब्लूजमध्ये एक ओळ वाजवायची, तो प्रश्न. मग थांबायचं. मग उत्तराची ओळ. मला थांबताच येईना. ओळ संपली की माझा उजवा हात आपोआप ती फट बुजवून टाकी. डरमॉट हसत म्हणायचा, तू त्या बिचाऱ्याला बोलूच देत नाहीस. कुणाला, असं मी विचारलं.

"उत्तर देणाऱ्याला," तो म्हणाला.

मला राग आला. माझ्या बापाने सगळी हयात ज्या एका गोष्टीवर काढली तीच हा माणूस चूक म्हणतोय असं वाटलं. त्या दिवशी मी गिटार घेऊन सरळ आत निघून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा भिंतीपाशी हजर झाले, ती गोष्ट वेगळी.

डिसेंबरात आईचा फोन आला. पप्पांना अर्धांगाचा झटका आला होता. डावी बाजू गेली होती. जीव वाचला, जिभेलाही फारसं काही झालं नाही, पण डावा हात मांडीवर नुसता पडून. मी प्लांटच्या कॅन्टीनमध्ये उभी होते, तिथेच फोनवर विमानाची तिकिटं शोधायला लागले. जायचं कसं? विमानं अर्धीमुर्धी, रोज नियम नवा, परत येता येईल का त्याची खात्री नाही. आईच म्हणाली, इकडे मी आहे, तू तिकडे भक्कम राहा. मी भक्कम वगैरे काही राहिले नाही. खोलीत जाऊन पोटभर रडले.

पप्पा घरी आले, पण भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. व्यायाम शिकवायला बाई यायच्या. त्यांनी आईला समजावलं की खांदा आणि कोपर आधी सुधारतील, मूठही वळेल, पण एकेक बोट सुटं हलायला फार काळ जाईल, कदाचित हलणारही नाही. हे पप्पांनी ऐकलं. मग एक दिवस चंदूकाकांचा मला फोन आला, आवाज पार बसलेला. म्हणाले, मास्टरने सांगितलंय की पाडव्यानंतर बेंजो घेऊन जा, पलीकडच्या आळीतला एक जण चांगला वाजवतो, त्याला दे. माझ्याच्याने आता नाही होणार, असं मास्टरचं म्हणणं.

"काका, बेंजो घरातून हलवायचा नाही," मी म्हटलं.

"अगं पण तू तिथून काय करणार?"

"माहीत नाही. पण हलवायचा नाही."

खरंच माहीत नव्हतं. तो बेंजो एकदा खाटेखालून गेला की पप्पाही उठून बसणार नाहीत, एवढंच कळत होतं.

फेब्रुवारीत आम्ही मिसिसिपीच्या बाटलीपाशी आलो होतो. काचेची नळी डरमॉटने सॅनिटायझरने पुसून भिंतीवर ठेवली, मी उचलली. करंगळीत घालून सूर काही नीट लागेना, नळी तारांवर खडखडायची. शेवटी तो म्हणाला, ठेव गिटार आडवी मांडीवर, पहिल्या दिवशी ठेवली होतीस तशी, आणि नळी मुठीत धर. आता पोचलीस तू त्या लोकांपर्यंत. मी नळी मुठीत घेऊन तारेवर टेकवली आणि हात सरकवला. सूर लांबला, वर चढला, उतरला. मी खाली माझ्या डाव्या हाताकडे बघितलं. एकही बोट हलत नव्हतं. मूठ मिटलेली, आणि सगळा हात नुसता कोपरातून पुढेमागे जात होता.

डरमॉट भिंतीपलीकडून काहीतरी विचारत राहिला. मी आत पळाले आणि आईला फोन लावला.

बेंजोची बटणांची चौकट स्क्रू काढला की वेगळी होते. खाली उरतात त्या फक्त तारा. चंदूकाकांनी ती काढली आणि फोन पप्पांच्या समोर धरला. पप्पांनी ते ध्यान बघून मान फिरवली. म्हणाले, बटणं काढलेला बेंजो म्हणजे दात काढलेलं तोंड. मी म्हटलं, बोळकं झालेली माणसंसुद्धा गातात, पप्पा. मग मी त्यांचंच वाक्य त्यांना परत केलं, "हात गंजू देऊ नका." आणि इकडून काचेची नळी मुठीत धरून तारांवर सरकवून दाखवली. मग पप्पा आईला म्हणाले, स्कूटरच्या डिकीतला प्लग पाना आण.

प्लग पाना म्हणजे स्पार्क प्लग काढायची पोकळ लोखंडी नळी. माझ्या काचेच्या नळीपेक्षा झकास वजनदार. आईने तो घासून पुसून पप्पांच्या नुकत्याच वळायला लागलेल्या डाव्या मुठीत दिला. पहिला जो सूर निघाला त्याने दारातला कुत्रा उठून चालता झाला, असं आई सांगते. पप्पा हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा हसले. हे मला सांगताना आई फोन कानाला लावून स्वयंपाकघरात गेली होती, रडताना त्यांना दिसू नये म्हणून.

पाडवा आला आणि गेला, बेंजो खाटेखाली नव्हता, खाटेवर होता. मी शिफ्टवरून आले की तिकडे संध्याकाळ उलटलेली असायची. मी भिंतीपाशी जे शिकत होते तेच फोनवर पप्पांना देत होते. पाना तारेवर दाबायचा नाही, नुसता टेकवायचा. सुराच्या जरा खालून यायचं. पोचल्यावर किंचित थरथर द्यायची. ती थरथर त्यांना न शिकताच येत होती, हात तसाही कापायचाच. एकदा ते स्वतःच म्हणाले, बघ, दुखणं कामाला आलं. एप्रिल-मेमध्ये तिकडे बाहेर काय चाललं होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, गावातून रोज कुणाची ना कुणाची बातमी येत होती. आम्ही तिघं त्या फोनला धरून राहिलो.

जूनमध्ये त्यांना हळदीची एक चाल सबंध यायला लागली. म्हणाले, आता दोघं मिळून वाजवू. मी गिटार मांडीवर घेतली, एक-दोन-तीन म्हटलं आणि सुरू केलं. पहिल्या ओळीतच ते माझ्या मागे पडले. मी तसं सांगितलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा मागे. तिसऱ्यांदा त्यांनी घाई केली, पाना घसरला, आणि त्यांनी उजव्या हाताने तो काढून भिंतीवर फेकला.

"मेलेला हात तो मेलेलाच," म्हणाले, आणि आईला फोन बंद करायला लावला.

नंतर कित्येक दिवस त्यांनी बेंजोला हात लावला नाही. चंदूकाकांना पुन्हा सांगितलं की घेऊन जा. आणि खरं सांगू, मलाही तेच वाटलं होतं, की हात मागे पडतोय. सगळी जिंदगी ढोलकीच्या बरोबरीने वाजवलेला माणूस, त्याला सुरात मागे पडणं म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. पण एके दिवशी आईशी बोलता बोलता मी म्हटलं, आई, माझ्याबरोबर टाळ्या वाजव. आरतीला वाजवतेस तशा. ती म्हणाली, डोकं फिरलंय का तुझं. तरी वाजवल्या. तिची प्रत्येक टाळी माझ्या टाळीच्या मागून आली. आईचे दोन्ही हात ठणठणीत आहेत.

मी ओरडलेच. पप्पांना फोन दे म्हटलं. त्यांना समजावलं की हात नाही, फोन मागे पडतोय, माझा सूर तुमच्यापर्यंत यायला वेळ घेतो आणि तुमचा माझ्यापर्यंत, तुमच्यापेक्षा मी मागे आहे असंही म्हणता येईल. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, म्हणजे मिळून वाजवणं होणारच नाही तर?

तेव्हा मला डरमॉट आठवला. एक प्रश्न, मग थांबायचं, मग उत्तर. थांबायचंच असेल तर उशीर झालेला कळणार कुणाला? मी पप्पांना म्हटलं, तुम्ही एक ओळ वाजवा आणि हात उचला. पुढची ओळ मी वाजवते. मग परत तुम्ही.

"आणि मधल्या वेळात नाच थांबेल त्याचं काय?"

"खाटेसमोर कोण नाचतंय, पप्पा?"

त्यांनी उजव्या हाताने पाना डाव्या मुठीत बसवला. मग एक ओळ वाजवली आणि हात उचलला. मला माझा हात आवरावा लागला नाही. पहिल्यांदाच मी थांबले होते, कारण या वेळी पलीकडून ओळ यायची होती आणि ती मला पुरी ऐकायची होती. ती संपल्यावर मी उत्तर दिलं. वर्षभर भिंतीपाशी डोकं आपटून जे आलं नव्हतं ते असं आलं. दुसऱ्या दिवशी डरमॉटला वाजवून दाखवलं तर त्याने घरात जाऊन बायकोला बोलावून आणलं.

त्या वर्षीच्या गणपतीला मिरवणुकीला बंदी होती, पार्टीला कुठलंच काम नव्हतं. मलाही जाता येत नव्हतं, भारतातून परतणाऱ्याला हॉटेलात कोंडून ठेवायचा नियम इथे अजून होता. चंदूकाकांनी आमच्या अंगणात टेम्पो आणून लावला, माझा व्हिडिओ कॉल कर्ण्याला जोडला, आणि आळीतली माणसं जमली. तिकडे आरतीची वेळ, इथे दुपार, मी अर्धी सुटी टाकून मागच्या पायरीवर बसले होते. चंदूकाकांना बजावलं होतं की माझी पाळी आली की मी धरेन त्या लयीवर ढोलकी धरा. मला ती उशिरा ऐकू येते, मी तिच्याकडे लक्ष देणार नाही. पप्पांनी पहिली ओळ वाजवली. पाना उचलला. मी ऐकलं, श्वास घेतला, आणि माझी ओळ वाजवली. मला फक्त कल्ला ऐकू येत होता, चित्र कधीच अडकलं होतं.

रात्री आईने फोन केला. मी पहिलं हेच विचारलं की मधल्या वेळात नाच थांबत होता का.

"थांबला कुठे गं," आई म्हणाली. "सगळे हात वर करून उभे होते. तुझा सूर येईपर्यंत कुणी खाली घेतले नाहीत."

मग पप्पा फोनवर आले. म्हणाले, लग्नं सुरू झाली की चंदू तुझा कॉल लावून मोबाइल टेम्पोला बांधणार आहे, वेळ राखून ठेव. मागे आईच्या भांड्यांचा आवाज येत होता, हळू, नेहमीसारखा.

पूर्वी मला कुणी घर विचारलं असतं तर मी रसायनीचा पत्ता सांगितला असता. पुढे काही महिने तर मला वाटायचं की आपल्याला घरच उरलं नाही, तिकडे पोचता येत नाही आणि इकडे नुसतं राहतोय. आता जे तिकडे आहेत त्यांना आणि जे माझ्यासारखे निघून आलेत त्यांना एवढंच सांगते: माझी ओळ पोचायला उशीर होतो, कधीकधी फारच होतो. पण तिकडे अंगणात पप्पा पाना उचलून बसलेले असतात, चंदूकाकांची बोटं ढोलकीच्या वर अधांतरी असतात, आणि माझा सूर येईपर्यंत कुणी हात खाली घेत नाही.